डार्लीनच्या भल्यासाठी

रविवारी दुपारी कॅनडातल्या आमच्या यॉर्कटनमध्ये एखादं घर विक्रीसाठी खुलं ठेवलेलं असलं, की दारातल्या बुटांच्या रांगेत एक जोड हमखास डार्लीन बोयचुकचा असायचा. तपकिरी, घोट्यापर्यंतचा, आतून लोकर असलेला. ही बाई घर विकत घेणार नाही हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी ती आली नाही तर त्या घराचं काहीतरी बिनसलंय असं लोक धरून चालत. लग्नाला मावशी आली नाही की मांडवात जशी कुजबुज होते, तशी.

डार्लीन पालिकेत तक्रारींच्या खिडकीवर बसून निवृत्त झाली. कुणाच्या दारासमोर खड्डा, कुणाच्या शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो, कुणाचा कचरा उचलला गेला नाही. ती सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायची आणि स्वतःचा काडीचा संबंध नसताना सगळ्यांची माफी मागायची. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खड्ड्यांसाठी माफी मागून तिची नजर तयार झाली होती. परक्या घरात शिरल्यावर ती आधी नळ सोडून बघायची. मग तळघरात उतरून नुसती उभी राहायची आणि नाकाने हळूच श्वास घ्यायची. वर येऊन एजंटने मांडलेल्या बिस्किटांतलं एक उचलायची आणि निकाल द्यायची. तोही खास तिच्या पद्धतीचा. स्वयंपाकघर छान आहे, फक्त त्याची आणि उन्हाची अजून ओळख झालेली दिसत नाही. जिना सुरेख आहे, पण उतरताना नवऱ्याचा हात धरावा लागेल, म्हणजे आधी नवरा लागेल. तळघराला ओल असली तर ती एवढंच म्हणायची, "खाली जरा गारवा आहे." सोमवारपर्यंत त्या घराची किंमत उतरलेली असायची.

आम्ही इथे घर घेतलं तेव्हा तिचा सल्ला घ्यायला आम्हालाही लोकांनीच सांगितलं होतं. ती घर गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या भट्टीभोवती एक फेरी मारून आली आणि मला म्हणाली की ही तुझ्याहून वयाने मोठी आहे, तिच्याशी आदराने वाग. मी वागले. अजून चालू आहे.

ब्रेंट हा आमच्या गावचा घरांचा एजंट. प्रत्येक बसथांब्याच्या बाकावर त्याचा हसरा चेहरा छापलेला आहे आणि गाव दिवसभर त्याच्यावर बसतं, त्यामुळे सोसण्याची त्याला सवय. डार्लीनला मात्र तो टरकून असायचा. ती येणार म्हणून बिस्किटं तो बेकरीतून ताजी आणायचा, आणि ती तळघरात असेपर्यंत जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून डॉक्टरच्या दारातल्या नातेवाइकासारखं खाली बघत राहायचा.

आता गंमत अशी की सगळ्या गावाची घरं पारखणारी ही बाई स्वतः भाड्याने राहत होती. आमच्या समोरच ओलेस्कीबाईंचं दुमजली घर आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर. तरुणपणी एका हिवाळ्यापुरती म्हणून आली आणि केस पांढरे झाले तरी तिथेच. गावात याची वेगवेगळी कारणं सांगितली जात. केस कापणाऱ्या ग्लेनिसचं मत असं, की जी प्रत्येक स्थळात खोट काढते ती शेवटी बिनलग्नाचीच राहते. मर्विन थॉरसनचं मत वेगळं होतं. मर्विन विधुर, कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळाच्या, रिंकवरचा बर्फ राखण्याचं काम करतो. पाठीवर पाण्याची टाकी घेऊन, उलटं चालत, बर्फावर थेंब शिंपडत जाणारा हा माणूस. सगळ्याकडे तो तसाच सावकाश, मागे मागे सरकत बघतो. तो म्हणायचा की लोक पक्षी बघायला जातात तशी डार्लीन घरं बघायला जाते. पक्षी बघणाऱ्याला कुणी विचारतं का, पाळणार कधी म्हणून?

मी समोर राहते, त्यामुळे मला आणखी थोडं दिसायचं. दर रविवारी ती परत आली, की कोट न काढताच स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. त्या खिडकीतून आमच्या छपरापलीकडे रेल्वेचे रूळ, धान्याचं उंच कोठार आणि त्यापलीकडे नुसतं आभाळ दिसतं. ती बराच वेळ बघायची, मग कोट काढायची आणि चहा ठेवायची. मला हे फार उशिरा उमगलं की ती गावातलं प्रत्येक घर या वरच्या मजल्याशी ताडून बघत होती, आणि प्रत्येक घर नापास होत होतं.

दोन वर्षांमागच्या वसंतात ओलेस्कीबाई गुडघ्यांनी थकल्या आणि वृद्धाश्रमात गेल्या. व्हँकूव्हरहून मुलगा आला, कानाला फोन लावूनच घरभर फिरला, आणि ब्रेंटच्या हाती किल्ली देऊन कानाला फोन लावूनच परत गेला. घर विक्रीला निघालं. नवा मालक दोन्ही मजले स्वतःला हवेत म्हणाला असता तर डार्लीनला बाहेर पडावं लागलं असतं, आणि गावात भाड्याची जागा मिळणं म्हणजे जानेवारीत उघड्यावर टोमॅटो पिकणं.

डार्लीन गुपचूप बँकेत गेली. निवृत्तिवेतन, साठवलेले पैसे, सगळं समोर ठेवलं आणि कर्ज मंजूर करून घेतलं. ते घर तिला हवं होतं. भाड्याने नव्हे, स्वतःचं. पण हे तिने कुणाला सांगितलं नाही. ग्लेनिसला नाही, मला नाही, खुद्द ओलेस्कीबाईंना भेटायला गेली तेव्हा त्यांनाही नाही.

का नाही, हे आमच्या गावात राहणाऱ्याला विचारावं लागत नाही. चर्चच्या हॉलमध्ये चहाबरोबर खजुराच्या वड्या असतात. शेवटची वडी उरते. तीन बायका म्हणतात तू घे, तीन म्हणतात छे, पोट भरलंय. वडी तासभर ताटात बसून राहते. शेवटी कुणीतरी ती कागदी रुमालात गुंडाळून, जी आलीच नाही तिच्याकडे पाठवून देतं. आणि जिला ती खरोखर हवी असते ती घरी जाऊन पावाला जाम लावून खाते. मला हवंय, हे इथे चारचौघांत म्हणायचं नसतं. ते म्हणणारा माणूस वाईट नसतो, पण त्याच्याबद्दल 'जरा मोकळा आहे' असं बोललं जातं, आणि ते वाईटापेक्षा वाईट.

घर बघायला खुलं ठेवण्याचा रविवार आला. आदल्या दिवशी ब्रेंटने वरचा मजला सजवला. सजवला म्हणजे डार्लीनचे फोटो काढले, फ्रिजवरचे चिमुकले चुंबकी प्राणी काढले, तिच्या आजीने शिवलेली गोधडी कपाटात कोंबली, आणि टेबलावर लिंबांनी भरलेला काचेचा वाडगा ठेवला. घेणाऱ्याला आपण इथे राहतोय अशी कल्पना करता यावी, म्हणून जो खरोखर राहतो त्याचा मागमूस आधी पुसायचा असतो. मग त्याने तिला नेहमीच्या रिवाजाप्रमाणे दोन तास बाहेर जायला सांगितलं.

ती बाहेर गेली. कोपऱ्यापर्यंत चालत गेली, वळून परत आली, दारात बूट काढले आणि रांगेत लावून पाहुण्यांबरोबर वर चढली.

वर अख्खं गाव लोटलं होतं. घर घ्यायचं म्हणून नव्हे. डार्लीनचं घर आतून कसं दिसतं ते बघायला. दुसऱ्यांच्या कपाटांत इतकी वर्षं डोकावलेल्या बाईचं कपाट कुणाला बघायचं नसेल? ग्लेनिसने ते उघडलं, डार्लीन मागेच उभी आहे हे पाहिलं, आणि लाल होत म्हणाली की हँगर फार छान आहेत. डार्लीनने तिचे आभार मानले. तिने स्वतःच्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा नळ सोडून पाहिला. तळघरात उतरली. वर येऊन तिने लिंबांकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. मर्विन तिथेच टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने सगळ्यांच्या मनातलं विचारलं.

"सांग, डार्लीन. खोट काय?"

 ब्रेंटने जिन्याचा कठडा धरला. त्या क्षणी ती 'खाली जरा गारवा आहे' एवढंच म्हणाली असती, तर ते घर तिच्या पदरात निम्म्या कष्टात पडलं असतं. पण त्या तळघरात ओल नव्हती, आणि डार्लीनला नसलेली ओल सांगता येत नव्हती.

"काही नाही," ती म्हणाली. "चांगलं घर आहे."

बिस्किट न घेताच ती खाली उतरली. संध्याकाळपर्यंत डार्लीनने एक घर पास केल्याचं गावभर झालं होतं. ब्रेंटने लगेच जाहीर केलं की बोल्या गुरुवारी संध्याकाळी, बंद पाकिटात.

त्याच आठवड्यात कॅलगरीचा माणूस उगवला. चंदेरी रंगाची मोठी गाडी, शेजारच्या अल्बर्टा प्रांताची नंबरपट्टी. ओलेस्कीबाईंच्या घरासमोरून दोनदा हळूहळू गेला, एकदा उतरून फुटपाथवर उभा राहून इकडेतिकडे बघितलं. एवढं पुरेसं होतं. बुधवारपर्यंत गावात असं ठरलं होतं, की कॅलगरीचे पैसेवाले आता यॉर्कटनला उतरले आहेत, वरखालच्या मजल्यांच्या चार चार खोल्या करणार आहेत, आणि बिचारी डार्लीन रस्त्यावर येणार आहे.

बिचारी डार्लीन. हे दोन शब्द त्या आठवड्यात मी इतक्या तोंडांतून ऐकले की तिचं आडनावच बदलल्यासारखं वाटलं. मंगळवारी हॉलमध्ये आम्ही पेरोगी करायला बसतो. बटाट्याचं सारण भरलेल्या या करंज्या चर्चसाठी विकल्या जातात. मी परधर्माची, त्यामुळे मला मत नाही, पण कडा दाबायचा हक्क आहे, कारण करंजीच्या कडा दाबणं मला आईने शिकवलंय. त्या मंगळवारी डार्लीन आली नव्हती. बायकांची म्होरकी नेट्टी हातातलं लाटणं खाली ठेवून म्हणाली की एवढ्या वर्षांचा पेरोगीचा पैसा पडून आहे, छपराची दुरुस्ती पुढच्या वर्षीही होईल. ते घर आपण घ्यावं, खाली मंडळाचं सामान ठेवावं, आणि डार्लीनला वर आहे तसं राहू द्यावं. सगळ्यांचे पिठाळ हात वर गेले. तिला मात्र कळता कामा नये, असंही ठरलं. अवघडेल बिचारी.

हेच ग्लेनिसने आपल्या बहिणीशी ठरवलं, केस धुण्याच्या बेसिनपाशी, नळ मोठा सोडून. आणि हेच मर्विनने ठरवलं, कुणाशीच न बोलता, स्वतःचं राहतं घर बँकेकडे गहाण टाकून. मर्विन जन्मात कधी घाईने वागला नव्हता. जी काय घाई साठली होती ती त्याने त्या एका गुरुवारी वापरून टाकली.

बंद पाकिटातल्या बोलीचा हा जो प्रकार आहे, तो म्हणजे मोठ्या माणसांची आंधळी कोशिंबीर. डोळ्यांवर पट्टी बांधायची, आणि आपल्यापुढे कोण पळतंय ते न बघता पळायचं. फरक एवढाच, की इथे सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी असते आणि फक्त एजंटचे डोळे उघडे.

ब्रेंटचे उघडे होते. चार पाकिटं त्याने उघडली आणि चारही नावं वाचली. डार्लीन, मर्विन, ग्लेनिस, चर्चच्या बायका. कॅलगरीचा माणूस कुठेच नव्हता. चौघांना एका खोलीत बसवून एक चहा पाजला असता तर संध्याकाळ गोडीत संपली असती. पण एकाची बोली दुसऱ्याला सांगायची नाही हा त्याच्या धंद्याचा नियम. नियमाने त्याचं तोंड शिवलं होतं, आणि दलालीने त्यावर आणखी दोन टाके घातले होते. त्याने चौघांना फोन करून तेवढंच सांगितलं जेवढं सांगायची परवानगी होती: बोल्या चार आल्या आहेत, वाढवायची असेल तर आत्ताच वाढवा. चौघांनीही फोन कानाला धरून डोळ्यांपुढे चंदेरी गाडी आणली. आणि चौघांनी वाढवली. डार्लीन बँकेने घातलेल्या रेषेपर्यंत गेली आणि तिथे थांबली. ग्लेनिसला बहिणीने थांबवलं. चर्चच्या बायकांना छपराने थांबवलं. मर्विनला थांबवायला घरात कुणीच नव्हतं.

शुक्रवारी डार्लीनला एवढंच कळलं की घर गेलं. कुणाला, ते कळलं नाही. ती खोकी आणायला दुकानात गेली. ती पुरली नाहीत म्हणून, तुझ्याकडे रिकामी खोकी आहेत का असं तिने मलाही विचारलं, तेव्हा तिचा आवाज तक्रारींच्या खिडकीवर असायचा तितकाच शांत होता.

पुढच्या मंगळवारी ती पेरोगीला आली, माझ्या शेजारी बसली. आम्ही कडा दाबत होतो. तेवढ्यात मर्विन हॉलमध्ये आला. पुरुष सहसा मंगळवारी येत नाहीत, त्यामुळे सगळ्यांचे हात थांबले. टोपी छातीशी धरून तो टेबलापर्यंत आला. वाटेत पाठ केलेलं असणार, कारण एका दमात म्हणाला:

"डार्लीन, तुला कुठे जायला नको. घर मी घेतलंय. तू वर आहेस तशी राहा. भाडं आहे तेच."

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. पिठाळ हातांच्या टाळ्या, त्यामुळे टेबलावर पांढरा धुरळा उठला. नेट्टीने डोळे पुसले आणि गालाला पीठ लावून घेतलं. डार्लीन उठून उभी राहिली, मर्विनच्या बाहीवर हात ठेवला, म्हणाली की तू फार चांगला माणूस आहेस, मी तुझी फार फार आभारी आहे. मग खाली बसली आणि हातातली पेरोगी दाबू लागली. दाबत राहिली. दोन्ही बाजूंनी बटाटा बाहेर आला तरी दाबत राहिली.

"त्या चारांतली एक बोली माझी होती," ती म्हणाली. पेरोगीकडेच बघत.

ग्लेनिसने विचारलं, "तुझी? कशाला?"

"घर घ्यायला."

यावर ग्लेनिस फार हळू आवाजात म्हणाली की एक तिचीही होती. नेट्टीने लाटणं दोनदा उगाच फिरवलं आणि म्हणाली की, म्हणजे, एक आमचीही होती. मग कुणीतरी कॅलगरीच्या माणसाचा विषय काढला, आणि टेबलाच्या टोकाला बसलेली एक म्हातारी म्हणाली की कोण तो चंदेरी गाडीवाला? तो माझ्या जावेचा भाचा. आत्याच्या दफनाला आला होता, त्याला गाडी लावायला जागा सापडत नव्हती.

त्यानंतर त्या हॉलमध्ये जी माफीची झड लागली ती मी पुन्हा कधी पाहिली नाही. ग्लेनिसने डार्लीनची मागितली, नेट्टीने ग्लेनिसची, मर्विनने सगळ्यांची. डार्लीननेही सवयीने सगळ्यांची मागितली. कुणीतरी माझीही मागितली. मी म्हटलं, हरकत नाही. मर्विन म्हणाला की घर तू घे, तू जी बोली लावली होतीस त्याच किमतीला. डार्लीन म्हणाली, तुला खड्ड्यात घालून मी त्या घरात झोपू कशी? मर्विन म्हणाला, मग निदान राहा तरी.

तेव्हा डार्लीनने पेरोगी खाली ठेवली.

"मर्व्ह, मला जन्मभर राहू दिलं गेलंय. बाबांच्या शेतावरच्या घरात भावाने राहू दिलं. मग ओलेस्कीबाईंनी राहू दिलं. आता तू राहू देतोयस. मला कुणी राहू द्यायला नकोय रे."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का नाहीत?"

 नेट्टीने वड्यांचं ताट पुढे केलं. कुणी घेतली नाही.

पुढचे दोन महिने गावाने हा गुंता आपापल्या परीने सोडवला. ग्लेनिसचा तोडगा सर्वात सोपा होता, आणि तो तिने डार्लीनचे केस कापताना, म्हणजे ती उठून जाऊ शकणार नाही अशा वेळी सांगितला. मर्विन एकटा, तू एकटी, लग्न करून टाका, एका दगडात दोन घरं. डार्लीन आरशात तिच्याकडे बघून म्हणाली की मी घर मिळावं म्हणून धडपडतेय, आणि तू मला ते मिळवायला माझं एकटीचं घर घालवायला सांगतेस. ग्लेनिसने त्या दिवशी कान जरा जास्तच उघडे टाकले.

मर्विनला दोन घरांचे हप्ते झेपेनात. झेपणार नव्हतेच, हे त्याला बँकेतही सांगितलं होतं, आणि त्याने ते हसून मान्य केलं होतं. शेवटी ऑगस्टमध्ये त्याने आपलं राहतं घर विक्रीला काढलं. मागच्या गल्लीतलं, ठेंगणं, एकमजली. म्हणजे ज्या घरात तो पस्तीस वर्षं राहिला ते विकून, जे त्याने दुसऱ्यासाठी घेतलं त्यात स्वतः राहायला जायचं.

डार्लीन ते घर बघायला आली. रविवारी, नेहमीसारखी, बूट काढून. रिवाजाप्रमाणे मालकाने बाहेर जायला हवं होतं, पण मर्विन मागच्या पायरीवर बसून राहिला. ब्रेंटलाही त्याला उठवायचं जिवावर आलं. तिने नळ सोडला. तळघरात उतरली ती नेहमीपेक्षा जास्त वेळ वर आली नाही. भिंती मर्विनच्या गेलेल्या बायकोने हिरव्या रंगवल्या होत्या, वाटाण्याच्या सूपसारख्या. बाहेरच्या खोलीची फरशी एका बाजूला कललेली होती. वाटाणा ठेवला तर तो आपला आपण पलीकडे गेला असता. वर आल्यावर लोक निकालाची वाट बघत थांबले. तिने बिस्किट उचललं, खाल्लं, आणि काही न बोलता निघून गेली.

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे चहाला आली. मी विचारलं. इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा सरळ विचारलं, की डार्लीन, हवंय का तुला ते घर?

ती म्हणाली की सकाळचं ऊन स्वयंपाकघरात येतं. रूळ दिसत नाहीत, पण गाडीचा आवाज येतो. भिंतींना दोन हात द्यावे लागतील, फरशीला सुतार लागेल. "आणि खोट आहे हे बरंच आहे," ती म्हणाली. "बिनखोटीचं घर दुसरंच कुणीतरी घेऊन टाकतं."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला हॉलमध्ये सुगीचं जेवण असतं. टर्की, कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, भोपळ्याचा गोड पाई. अख्खं गाव असतं. सोडतीचे नंबर सांगायला एक माईक ठेवलेला असतो. जेवण अर्ध्यावर असताना डार्लीन उठली आणि माईकपाशी गेली. आधी सवयीने माफी मागितली, जेवताना त्रास देतेय म्हणून. मग म्हणाली:

"मर्विनचं घर मला हवंय. गुरुवारी मी बोली लावणार आहे. तुमच्यापैकी कुणीही माझ्या भल्यासाठी लावू नये."

ती जागेवर येऊन बसली आणि कोबी खाऊ लागली. कुणाच्या तरी हातून काटा पडला. नेट्टी बऱ्याच वेळाने माझ्या कानात म्हणाली की पालिकेतून निवृत्त झालेली माणसं अशी एकदम बदलतात. दुसऱ्या टेबलावर कुणी म्हणालं, जरा मोकळी झालीये नाही? पण मर्विन आपल्या ताटाकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते, आणि तो हसत होता.

गावाने शब्द पाळला. इतका पाळला की हद्द केली. रजायना शहरातलं एक तरुण जोडपं खरोखर घर घ्यायच्या इराद्याने आलं होतं, चांगली किंमत द्यायला तयार होतं. ग्लेनिस वाटेत त्यांना भेटली, अगदी आपुलकीने त्यांची चौकशी केली, आणि त्या घराच्या तळघरात गारवा आहे हे स्वतःहून सांगितलं. नेट्टीने त्यांना पेरोगीचं पाकीट भेट दिलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाचा रस्ता दाखवला. इथल्या लोकांना दुष्टपणा करता येत नाही असं जे म्हणतात ते खरं नाही. येतो, फक्त सोबत खायला देतात.

गुरुवारी ब्रेंटकडे पाकीट आलं ते एकच. त्याने तरी रिवाजाप्रमाणे डार्लीनला फोन केला, की बोली वाढवायची असेल तर आत्ताच वाढवा. तिने विचारलं, कुणाविरुद्ध? बाकावरचा ब्रेंट अजून हसतोय. ऑफिसातला त्या आठवड्यात हसत नव्हता.

असं करून मर्विनने एक घर चढ्या भावाने घेतलं आणि दुसरं उतरत्या भावाने विकलं. ही सगळ्यांच्याच दृष्टीने फार छान तडजोड झाली असं गावात बोललं जातं, आणि हे बोलताना मर्विनकडे कुणी बघत नाही. तो ओलेस्कीबाईंच्या खालच्या मजल्यावर राहतो. वरचा मजला त्याने इस्पितळातल्या एका नर्सला भाड्याने दिला आहे. त्याला विचारलं तर तो म्हणतो की खिडकीतून कोठार दिसतं ते बरं वाटतं.

डार्लीन ऑक्टोबरच्या शेवटी त्या हिरव्या भिंतींच्या घरात राहायला गेली. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. आदल्या रात्री मोसमातला पहिला मोठा बर्फ पडला होता, गुडघाभर. आम्ही चहा पीत होतो तेव्हा बाहेर खरवडल्यासारखा आवाज आला. मर्विन होता. आपलं फावडं घेऊन गल्ली ओलांडून आला होता आणि तिच्या दारापुढची वाट मोकळी करत होता. पस्तीस वर्षं त्याने ती वाट मोकळी केली होती. कुठली फरशी उचललेली आहे, कुठे फावडं अडतं, सगळं हाताला पाठ. आणि शेजाऱ्याच्या दारातला बर्फ न सांगता उपसून निघून जाणं यासारखं पुण्य आमच्या गावात दुसरं नाही.

डार्लीनने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ती दार उघडून आभार मानणार, त्याला आत चहाला बोलावणार. तिने दार उघडलं.

"मर्व्ह, थांब. फावडं खाली ठेव."

तो थांबला. त्याला काही कळेना. म्हणाला, "अगं, एवढासाच राहिलाय."

"राहू दे. तो बर्फ माझा आहे."

मर्विन फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. मग सवयीप्रमाणे दोन पावलं मागे सरकला, फुटपाथवर जाऊन उभा राहिला. डार्लीनने कोट चढवला, नवं कोरं फावडं घेतलं, ज्याला अजून दुकानाची चिठ्ठी लटकत होती, आणि बाहेर पडली. तिला ते धरताही येत नव्हतं. इतकी वर्षं वरच्या मजल्यावर. खालचा बर्फ कधी तिचा नव्हताच. पहिला ढीग तिने उचलला आणि तो वाऱ्याने तिच्याच तोंडावर आला. दुसरा तिने रस्त्यावर टाकला, जे पालिकेच्या नियमाविरुद्ध आहे. मर्विनने तोंड उघडलं आणि मिटलं. मी खिडकीतून बघत होते. ती वाकडीतिकडी, दम लागत, मध्येच कंबर धरून थांबत, गेटपर्यंत गेली. मग वळून बघितलं आणि परत सुरुवातीपासून लागली, कारण मर्विनने आधी उपसलेला भागही तिला पुन्हा स्वतः करायचा होता.